सोलर वॉटर हीटर: बचत किती, आणि नळ्या का फुटतात

गिझरऐवजी सोलर बसवला तर किती वाचतील, हे बहुतेक ग्राहक पहिल्यांदा विचारतात. चार माणसांच्या घराला दिवसाला 100 लिटर गरम पाणी धरा. 25 अंशांचं पाणी 55 अंशांवर न्यायला साधारण साडेतीन युनिट वीज लागते. सोलापूरच्या उन्हाळ्यात टाकीचंच पाणी गरम येतं, म्हणून वर्षातले आठच महिने मोजा. तरी सुमारे 840 युनिट होतात. त्यांना तुमच्या बिलातल्या शेवटच्या स्लॅबच्या दराने गुणा, कारण गिझरची युनिटं वरच्या स्लॅबमध्ये पडतात. स्थिर आकार मात्र तेवढाच राहतो, तो वजा होणार नाही.

आता मुख्य गोष्ट. दुरुस्तीचे सर्वांत जास्त फोन येतात ते सोलरच्या टाकीखालच्या, पाणी तापवणाऱ्या काचेच्या नळ्या फुटल्या म्हणून, आणि या नळ्या दगडाने क्वचितच फुटतात.

आपल्याकडे महापालिकेचं पाणी रोज येत नाही. वरची टाकी संपली की सोलरच्या टाकीतलं पाणी थंड पाण्याच्या लाइनमधून उलटं खाली उतरतं. स्वयंपाकघराचा थंड नळ सोडल्यावर त्यातून गरम पाणी आलं, तर हेच चाललंय असं समजा. मग नळ्यांत उरलेलं पाणी उन्हाने उकळून वाफ होतं आणि सोलरच्या टाकीवरच्या व्हेंट पाइपमधून, म्हणजे हवा-वाफेसाठी उघड्या ठेवलेल्या पाइपमधून, निघून जातं. वरची काच कोरडी पडते. आत पाणी नसेल तर अशी व्हॅक्यूम नळी (दुहेरी काच, मधली हवा काढलेली) दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापते. नेमकं दुपारी पाणी सुटतं, मोटर लावली जाते, थंड पाणी त्या काचेवर पडतं आणि एकामागून एक नळ्या तडकतात.

म्हणून वरची टाकी एक दिवस जरी कोरडी राहिली, तरी सोलरचा कॉक आधी बंद करा आणि मगच मोटर लावा. कॉक उघडायचा तो पहाटे, ऊन यायच्या आत. संध्याकाळी लगेच नको, व्हॅक्यूममुळे नळ्या हळू निवतात. गावाला जाताना नळ्यांवर गोणपाट बांधून जा.

आम्ही सोलरला वरच्या टाकीपासून वेगळी लाइन ओढतो आणि तिच्यात पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकतो. कोटेशनमध्ये ही रक्कम दिसली की ‘दुसरा तर हे न घेता बसवून देतो’ असं ऐकायला मिळतं. देत असेल, पण पहिल्या उन्हाळ्यात नळ्यांचा खर्च तुमच्याच अंगावर येतो, कारण कोरड्यात पाणी भरून फुटलेली नळी वॉरंटीत बसत नाही. शिवाय सोलरची लाइन आम्ही टाकीच्या अगदी तळातून घेतो आणि घरची सहा इंच वरून. घरचे नळ बंद पडले तरी हजार लिटरच्या टाकीत सव्वाशे-दीडशे लिटर सोलरसाठी शिल्लक राहतं.

नळीच्या खालच्या टोकाचा चंदेरी पट्टा पांढरा पडला असेल तर तिच्यातला व्हॅक्यूम गेला आहे. तेवढी एकच नळी बदला, पूर्ण सेट घ्यायची गरज नाही. तिच्यासोबत सिलिकॉन रिंगही नवी टाका, नाहीतर तिथून थेंब थेंब गळत राहतं.

बोअरचं पाणी वापरत असाल तर वर्षातून दोनदा सोलरची टाकी तळातून सोडून क्षार काढा. व्हेंट पाइपमधून हवा खेळतेय ना, तेही बघा. तो क्षाराने बुजला तर टाकी फुगते किंवा आत चेपते. त्याच्या तोंडाला कधीही बूच मारू नका.

बाथरूम लांब असेल तर आधी सांगा. पाऊण इंची पाइप तीस फूट असला तर दर वेळी अडीच लिटर थंड पाणी सोडल्यावरच गरम येतं. अशा घरांत जागा बदलून किंवा पाइपला इन्सुलेशन लावून फरक पडतो. जुना गिझर काढून टाकू नका, पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांसाठी तो वेगळ्या कॉकवर ठेवून देतो.

फोन करताना घरात माणसं किती, वरच्या टाकीचा तळ गच्चीपासून किती फूट उंच आणि पाणी महापालिकेचं की बोअरचं, एवढं सांगा. टाकीचा तळ सोलरच्या टाकीपेक्षा वर नसेल तर आधी स्टँड करावा लागतो. त्याचं माप आम्ही येऊन घेतो.