अथणीचं शून्य

बेळगाव जिल्ह्यात पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. मलप्रभेचा उगम जिथे आहे ते कणकुंबी सह्याद्रीच्या माथ्यावर. पावसाळी वारे तिथेच रिते होतात, अथणीपर्यंत फारसं काही उरत नाही. भाचीनं शाळेच्या प्रकल्पासाठी याचाच आलेख संगणकावर काढायला घेतला. हिशोबाला सोपे पडावेत म्हणून वर्षाचे गोल आकडे धरले: कणकुंबी 4000 मिलिमीटर, खानापूर 1900, बेळगाव 1200, चिकोडी 675, अथणी 500. खांब मात्र 0 ते 100 मध्येच बसवायचे होते.

कोड एका ओळीचा. आकड्यातून यादीतला सर्वांत लहान आकडा वजा करायचा, सर्वांत मोठ्या आणि लहान आकड्यांतल्या फरकानं भागायचं, 100 नं गुणायचं. बेळगावचे 1200 वजा 500, म्हणजे 700. भागिले 3500, गुणिले 100. उत्तर 20. तसंच खानापूर 40, चिकोडी 5, कणकुंबी 100. आणि अथणी 0.

"मामा, अथणीला पाऊसच पडत नाही की काय?"

तिनं नेमकी नस पकडली. वजाबाकी झाली तेव्हाच मूळ शून्य जागचं हललं. आता 0 म्हणजे 'या यादीत सर्वांत कमी', एवढंच. खानापूरचा खांब बेळगावच्या दुप्पट दिसतो, पण 1900 काही 1200 ची दुप्पट नव्हे. शाबूत राहतं ते फक्त आकड्यांमधल्या फरकांचं प्रमाण. सेल्सिअसचे 0 ते 100 अंश फॅरनहाइटच्या 32 ते 212 मध्ये बसवतात तेही याच रीतीनं: 20 चे 68 होतात, 40 चे 104. म्हणून 40 अंशांना 20 च्या 'दुप्पट गरम' म्हणता येत नाही.

मग कणकुंबीला यादीतून वगळून पाहिलं. बेळगाव 20 वरून थेट 50 वर! तिथला पाऊस थेंबभरही वाढला नव्हता. वेगवेगळ्या याद्यांतून आलेले असे आकडे शेजारी मांडणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं.

कोड लिहिताना आणखी दोन खाचखळगे. सगळे आकडे सारखेच असतील तर फरक शून्य येतो आणि भागाकार अडतो. ती तपासणी आधीच घालावी. शिवाय काही भाषांत पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक गळून पडतो, 700 भागिले 3500 चं उत्तर 0 येतं. तिथे गुणाकार आधी करावा.

आलेख पावसाचा, त्यामुळे आम्ही वजाबाकी काढून टाकली आणि सगळ्यांना नुसतं 4000 नं भागून 100 नं गुणलं. खानापूर 47.5, बेळगाव 30, चिकोडी सुमारे 17. अथणीचा खांब आता 12.5 वर उभा आहे.