फवारणी पंपाच्या डब्यापासून लिथियमच्या पॅकपर्यंत

खानदेशात बॅटरी शेतात शिरली ती पाठीवरच्या फवारणी पंपातून. त्याआधी एका हाताने दांडा मारायचा, दुसऱ्या हाताने नोझल धरायचं. कपाशीच्या दोन-चार ओळी झाल्या की खांदा भरून यायचा. चार्जिंगच्या पंपाने तो दांडा घालवला. 16 लिटरची टाकी, तिच्या खाली छोटी मोटर आणि 12 व्होल्ट 8 अँपिअर-अवरच्या शिशाच्या बॅटरीचा बंद डबा. याच मापाचा 7 अँपिअर-अवरचा डबा कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असतो. त्यामुळे ऐन हंगामात बॅटरी बसली तर चोपड्याला नाहीतर शहाद्याला जायचं, मिळेल त्या कंपनीचा डबा आणायचा आणि लाल-काळी वायर जोडायची. पंप कोणाचा आहे हे दुकानदार विचारतही नाही.

हीच सवय घेऊन माणूस आज बागेची अवजारं घ्यायला निघतो. जळगावच्या कॉलनीतल्या बंगल्याला कुंपणाची झुडपं छाटायला हेज ट्रिमर हवा असतो, मळ्यातल्याला लिंबू-डाळिंबाच्या छाटणीची बॅटरीची कात्री आणि फांद्या कापायला छोटा चेनसॉ. दुकानात गेल्यावर कळतं, की या कंपनीचा पॅक, म्हणजे यंत्राच्या खाचेत सरकवायची बॅटरी, त्या कंपनीच्या यंत्रात बसत नाही. कधीकधी एकाच कंपनीचे दोन पॅकही एकमेकांच्या जागी चालत नाहीत: बॉशच्या निळ्या आणि हिरव्या अवजारांचे 18 व्होल्टचे पॅक वेगवेगळे आहेत.

गंमत म्हणजे या कामात वीज पेट्रोलच्या आधी आली. जर्मनीच्या श्टील कंपनीने 1926 मध्ये काढलेला पहिला चेनसॉ विजेवरचाच होता. दोघांनी उचलावा इतका जड, आणि जिथवर वायर पोचेल तिथवरच चालणारा. पेट्रोलचा मागून आला आणि रानात तोच टिकला. वायर तोडायची खटपट ब्लॅक अँड डेकरने 1961 मध्ये निकेल-कॅडमियमच्या सेलवर चालणारं ड्रिल काढून सुरू केली. पण त्या सेलचा दाब 1.2 व्होल्ट आणि वजनाच्या मानाने जोर कमी. भिंतीला भोक पाडायला पुरे, गवतात तास-दोन तास यंत्र फिरवायला अपुरे. छाटणीच्या कात्रीला मात्र क्षणाक्षणापुरताच जोर लागतो, म्हणून ती बागेत लवकर पोचली. फ्रान्सच्या इन्फाको कंपनीने 1984 मध्येच द्राक्षमळ्यांसाठी विजेची कात्री आणली. बॅटरी वेगळी, अंगावर बांधलेली.

सोनीने 1991 मध्ये लिथियम-आयन सेल बाजारात आणला. मोठ्या अवजारांत तो 2005 च्या सुमारास शिरला. मिलवॉकीचे 28 व्होल्टचे आणि माकिताचे 18 व्होल्टचे पॅक त्याच वर्षीचे. आणि इथेच खाचेचं कुलूप घट्ट झालं. शिशाच्या डब्याला दोन टोकं पुरतात, तो थोडा जास्त चार्ज झाला तरी लगेच भडकत नाही. लिथियमचा सेल जास्त चार्ज झाला किंवा फार तापला तर पेट घेऊ शकतो. म्हणून पॅकमध्ये राखण करणारं सर्किट बसवावं लागतं, आणि दोन मुख्य टोकांशेजारी चार्जरला नि यंत्राला माहिती देणारी जादा टोकं येतात. ही बोली प्रत्येक कंपनीने आपापली ठरवली. सुरक्षेची गरज खरी होती, पण गिऱ्हाईक बांधून ठेवण्याची सोयही तिच्यातूनच झाली, आणि ती कोणी नाकारली नाही.

आकड्यांची फसगतही याच सेलमधून निघते. एका लिथियम सेलचा सरासरी दाब 3.6 व्होल्ट, पूर्ण भरल्यावर 4.2. पाच सेल ओळीने जोडले की 18 व्होल्ट. तोच पॅक कोणी ‘20 व्होल्ट मॅक्स’ म्हणून विकतं, कोणी ‘21 व्होल्ट’ म्हणून. स्वस्त मालावर ‘88 व्हीएफ’ असं काही छापलेलं दिसलं तर ते व्होल्ट समजू नयेत. किती वीज साठते याची तुलना करायची तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करावं: 18 व्होल्ट 5 अँपिअर-अवर म्हणजे 90 वॉट-अवर, आणि पंपाचा शिशाचा डबा कागदावर 96. वजनात मात्र डबा तिप्पटीच्याही पुढे जातो.

कुलूप सैल करण्याचे दोन रस्ते निघाले. एक सरळ: मेटाबोने 2018 मध्ये आणि बॉशने 2020 मध्ये इतर कंपन्यांना सोबत घेऊन सामायिक पॅकचे गट बांधले, बॉशच्या गटात बागकामाची गार्डेनाही आहे. दुसरा रस्ता नकलेचा. कितीतरी बिननावाच्या चिनी कात्र्या, चेनसॉ आणि ग्रास कटर माकिताच्या 18 व्होल्टच्या खाचेचं माप उचलून बनतात, आणि न ठरवता तेच माप चालू बाजारात रूढ झालं आहे. पंपाच्या डब्यासारखी मोकळीक इथे थोडीफार मिळते. फक्त पॅकच्या आतलं सर्किट कितपत राखण करतं ते बाहेरून दिसत नाही, म्हणून मी तरी नकली खाचेचं यंत्र चालवून घेईन, नकली पॅक नाही.

खानदेशात ऊन हा वेगळाच हिशेब आहे. लिथियम सेल साधारण 45 अंशांपर्यंतच चार्ज करावा असं बनवणारे सांगतात, आणि आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, भुसावळ-जळगावचा पारा तिथे सहज जातो. पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. काम करून तापलेला पॅक लगेच लावला तर चांगला चार्जर तो थंड होईपर्यंत चार्जिंग सुरूच करत नाही. ते बिघाडाचं लक्षण नव्हे. शिवाय शेतातल्या थ्री-फेज विजेची पाळी बऱ्याचदा रात्रीची असते, म्हणून पॅक घरीच सिंगल-फेजवर चार्ज करायचे, आणि एक कामाला, दुसरा चार्जरवर असे मध्यम आकाराचे दोन पॅक एका मोठ्या पॅकपेक्षा सोयीचे पडतात.

मेलेल्या बॅटरीचं काय, हा प्रश्न पंपाच्या काळात नव्हता. शिशाच्या डब्याला भंगारवाला वजनावर पैसे मोजतो. लिथियमच्या पॅकसाठी 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. तेव्हा खरेदीच्या वेळीच दुकानदाराला विचारावं, की संपलेला पॅक तो परत घेणार का, आणि नवा धुळ्यात मिळेल की पुण्याहून मागवावा लागेल.