‘राखीव जागेवाल्यांना पासिंग कमी’: खुलासा

‘राखीव जागेवरून आलेल्यांना कमी गुणांत पदवी मिळते’, हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. गोंधळ प्रवेश आणि परीक्षा यांतला आहे. १९५१च्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम १५(४) मुळे प्रवेशात राखीव जागा ठेवता येतात, म्हणून कटऑफ वेगळा. पदवी परीक्षेत मात्र १०० पैकी ४० लागत असतील, तर सगळ्यांनाच ४०.

पडताळणी सोपी: विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आपल्या कोर्सची नियमावली उघडा, ‘उत्तीर्णतेचे निकष’ वाचा. तिथे प्रवर्गानुसार वेगळा आकडा आहे का, पाहा. बारकोड लावलेल्या उत्तरपत्रिकेवर तपासणाऱ्याला नावही दिसत नाही. तोंडी परीक्षेत मात्र नाव-आडनाव समोर असतं. काळजी तिथे घ्यायला हवी.

हॉस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात ‘प्रवेश परीक्षेत तुझी रँक किती?’ असं विचारलं जातं, त्यावरून कोण राखीव जागेवरून आलंय याचा अंदाज बांधला जातो, आणि मेसमधली टेबलं वेगळी होतात. त्यामागे बऱ्याचदा हाच गैरसमज असतो.