हात चोळताना मिळणारं अर्धं मिनिट

वॉर्डात ठरावीक वेळाने सिस्टर रुग्णाच्या छातीकडे बघत श्वास मोजतात. मिनिटाला १२ ते २० असले की ठीक, २५ च्या वर गेले की डॉक्टरांना कळवायचं. त्याच वेळी सिस्टरचा स्वतःचा श्वास कसा चाललाय, हे मात्र कुठल्याच चार्टवर येत नाही. दोन बेडचे मॉनिटर एकदम वाजताहेत, तिसऱ्याचं सलाईन संपत आलंय, दारात नातेवाईक उभे आहेत, अशा वेळी तो उथळ आणि भराभर चाललेला असतो.

ताण कमी करण्याचे सल्ले नर्सेसना भरपूर मिळतात. फिरायला जा, छंद जोपासा, ध्यानाला बसा. सगळे बरोबर, आणि सगळे ड्युटी संपल्यानंतरचे. ज्या नोकरीत बाथरूमला जायलाही कुणाला तरी सांगून जावं लागतं, तिथे 'स्वतःसाठी अर्धा तास काढा' हे ऐकून कुणाचंही डोकं फिरेल. म्हणून प्रश्न वेगळा विचारू या: जागा न सोडता, अर्ध्या मिनिटात शरीरात काही बदलतं का?

बदलतं, आणि त्याचा पुरावा नर्सेस रोज मॉनिटरवर बघतात. तरुण, निरोगी हृदयाच्या रुग्णाचा ईसीजी नीट पाहिला तर श्वास आत घेताना ठोके किंचित जवळजवळ येतात आणि सोडताना लांबतात. ही व्हेगस नावाच्या चेतातंतूची करामत. मेंदूच्या तळापासून निघून तो हृदय, फुप्फुसं, आतडी इथपर्यंत पोचतो. श्वास सोडताना हृदयावरचा त्याचा प्रभाव वाढतो, त्याच्या टोकांशी अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन स्रवतं आणि हृदयातल्या ठोके ठरवणाऱ्या पेशी सावकाश होतात. म्हणजे उच्छ्वास लांबवला की हृदयाला मंद होण्याचा निरोप जास्त वेळ मिळत राहतो. मिनिटाला साधारण सहा श्वास या गतीला हा परिणाम विशेष ठळक होतो, कारण रक्तदाब सांभाळणारी यंत्रणासुद्धा जवळपास दहा सेकंदांच्याच लयीत हेलकावत असते.

आता हे दहा सेकंद आणायचे कुठून? जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार अल्कोहोलच्या द्रावणाने हात चोळायला २० ते ३० सेकंद लागतात, साबणपाण्याने धुवायला ४० ते ६०. एका शिफ्टमध्ये हे कितीतरी वेळा होतं. शिवाय हात ओले असताना कुणी फाइल हातात देत नाही, फोनही उचलता येत नाही. चार सेकंद नाकाने आत, सहा सेकंद सावकाश बाहेर, असे तीन श्वास एका चोळण्यात बसतात. श्वास मोठा घ्यायचा नाही, फक्त लांब सोडायचा. जोरजोरात घेतला तर गरगरायला लागेल. त्याच वेळी खांदे कानांकडे चढले असतील तर खाली सोडावेत आणि दातांवर दात आवळले असतील तर जबडा सैल करावा. बहुतेकांना हे आवळणं लक्षातच आलेलं नसतं.

दुसरा प्रकार शरीर आपणहून करतंच. दर काही मिनिटांनी आपल्या नकळत एक उसासा येतो: एका श्वासावर दुसरा छोटा श्वास, मग लांब उच्छ्वास. फुप्फुसातल्या हवेच्या मिटलेल्या बारीक पिशव्या (वायुकोश) त्याने पुन्हा उघडतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये याचाच व्यायाम करून पाहिला. रोज पाच मिनिटं असे उसासे घेणाऱ्यांची मनःस्थिती महिन्याभरात ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. हा अभ्यास खास नर्सेसवर नव्हता आणि पाच मिनिटं म्हणजे अर्धं मिनिटही नव्हे, त्यामुळे फार मोठा दावा करू नये. पण लिफ्टची वाट बघताना दोन उसासे घ्यायला काय जातंय?

एक मर्यादा मात्र माहीत असलेली बरी: ताणात शरीरात स्रवणारी सगळी संप्रेरकं अर्ध्या मिनिटात ओसरत नाहीत. अ‍ॅड्रेनालिन सेकंदांत वाढतं आणि तितक्याच लवकर ओसरू लागतं. कॉर्टिसॉल सावकाश चढतं, साधारण वीस-तीस मिनिटांनी टिपेला पोचतं आणि उतरायला तासभर तरी घेतं. रुग्णाला सीपीआर (थांबलेल्या हृदयासाठी छाती दाबणं) देऊन झाल्यावर, सगळं पार पडल्यावर हात थरथरतात, चिडचिड होते, ते यामुळेही. तुम्ही कमकुवत आहात असा त्याचा अर्थ नाही. अशा वेळी 'शांत हो' असं स्वतःला बजावण्यापेक्षा जे वाटतंय त्याला नाव देणं जास्त उपयोगी पडतं. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनमधून दाखवलं की भावनेला शब्द दिला की भीती-धोक्याची दखल घेणारा मेंदूतला अमिग्डला हा भाग कमी उत्तेजित होतो. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवताना, शेजारच्या सिस्टरला 'मला आज खूप राग आलाय' एवढं एक वाक्य सांगितलं तरी चालतं. त्यावर तिने उपाय सुचवायची गरज नाही.

रुग्ण दगावल्यावर तर हे अधिकच लागू. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातले ब्रदर जोनाथन बार्टेल्स यांनी तिथे एक साधी रीत सुरू केली. मृत्यूनंतर सगळी टीम मिनिटभर तिथेच स्तब्ध उभी राहते, मग कामाला लागते. पुढे ती अनेक रुग्णालयांनी उचलली. पुढचा पेशंट वाट बघत असतोच, पण मिनिटाने त्याचं काही बिघडत नाही.

पाणी प्यायचं विसरू नका, हे तुम्हीच दिवसभर रुग्णांना सांगता, त्यामुळे इथे पुन्हा सांगत नाही. नाइटबद्दल, म्हणजे रात्रपाळीबद्दल, थोडं. झोपेची परवानगी असेल तर डुलकी वीस मिनिटांची घ्यावी. झोप गाढ झाल्यावर उठलं तर पुढे बराच वेळ डोकं जड राहतं, आणि औषधाचा डोस मोजायचा असेल तर ते धोक्याचं. कॉफी रात्रीच्या पहिल्या भागात. तिच्यातलं निम्मं कॅफिन शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे पहाटे चारला घेतलेला कप सकाळी नऊला तुमच्यासोबत अंथरुणात येतो.

आता थोडं कडू. काही ठिकाणी नोटीसबोर्डावर 'दीर्घ श्वास घ्या' असं पोस्टर असतं आणि त्याच्याच शेजारी सलग सहाव्या नाइटचा रोस्टर. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांच्या २००२ मधल्या गाजलेल्या अभ्यासात, अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांत, एका नर्समागे एक रुग्ण वाढला की नर्स कामाने पार पिचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. हे आकडे श्वासाने खाली येत नाहीत, माणसं भरल्याने येतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची, म्हणजे या पिचून जाण्याची, नोंद आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणच्या न आटोपलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केली. त्यामुळे रजेचा अर्ज करताना किंवा जादा ड्युटी नाकारताना अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही.

आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, कामावर जाण्याच्या विचाराने पोटात गोळा येत असेल, रुग्णांबद्दल काहीच वाटेनासं झालं असेल, तर हे उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. जगणं नको असा विचार मनात आला तर तो त्याच दिवशी, शिफ्ट संपायची वाट न बघता, कुणाला तरी सांगा.