खंडेनवमीपासून ग्रीसगनपर्यंत : कापणीपूर्व डागडुजीची पार्श्वभूमी

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर तासभर थांबले, तरी मुंबईचे भातशेतीशी असलेले नाते अजून तुटलेले नाही हे कळते. आसनगावहून लोकलने आलेला शेतकरी वर्तमानपत्रात गुंडाळलेला मळणी यंत्राचा झिजलेला पट्टा दुकानदारापुढे ठेवतो. दुकानदार पट्ट्याच्या पाठीवरचा पुसट आकडा वाचतो, तो लागत नसेल तर टेप लावून घेर मोजतो, आणि त्या मापाचा नवा पट्टा काढून देतो. कापणीआधी अवजारे नीट करून ठेवण्याची जबाबदारी कोणाची आणि तिचा मोबदला कशात द्यायचा, याची रीत गेल्या सव्वाशे वर्षांत कशी बदलत गेली, हे या देवघेवीमागे आहे.

या कामाला मुदत असते, ही पहिली गोष्ट. ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांत भाताच्या जाती हळव्या, निमगरव्या आणि गरव्या अशा तीन गटांत मोडतात. हळवे भात साधारण १०० ते ११५ दिवसांत तयार होते, म्हणजे नवरात्राच्या आगेमागे विळा हातात घ्यावाच लागतो. गरव्याची कापणी दिवाळीनंतरपर्यंत चालते. पिकलेले भात उभे ठेवले तर दाणे गळतात, आणि परतीचा पाऊस आला तर लोंब्या आडव्या होऊन जागच्या जागी अंकुरतात. अशा वेळी विळ्याची मूठ सैल निघाली किंवा यंत्राचे बेअरिंग बसले, तर वाया गेलेले दोन दिवस पुढे कशानेही भरून येत नाहीत.

गावगाड्यात या मुदतीची सोय बलुतेदारीने केलेली होती. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन कासा मानल्या जात. कोण कोणत्या कासेत, हे मुलखागणिक बदलत असे, पण सुताराला आणि लोहाराला बहुधा थोरल्या कासेत जागा असे. कास म्हणजे गाईची कास: कुणबी ही गाय आणि बलुतेदार तिची वासरे, अशी ही कल्पना. लोहाराने वर्षभर फाळ पाजवायचे, विळे-कोयते नीट करायचे, गाडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, चढवायची, आणि त्याचे बलुते खळ्यावर धान्याच्या रूपात घ्यायचे. दुरुस्ती करणाऱ्याचे पोटच कापणीवर अवलंबून असल्याने अवजार वेळेवर तयार होण्यात त्याचाही स्वार्थ होता. या व्यवस्थेत जातीची बेडी होती, सेवा नाकारण्याची मुभा नव्हती आणि मोबदला पुष्कळदा मालकाच्या मर्जीवर राही, हे विसरून तिचे गोडवे गाणे मला पटत नाही. तरीही देखभालीचे मोल पिकाच्या राशीतून काढून देण्याची तिच्यातली रीत लक्षात घेण्याजोगी आहे.

लोहाराचे काम किती नाजूक होते, ते विळ्याला पाणी देताना कळते. पात्याची धार ठोकून पातळ केल्यावर ते लालबुंद तापवायचे आणि फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवून लगेच बाहेर काढायची. मग पाठीत उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते, घासून उजळलेल्या लोखंडावर गव्हाळ पिवळा रंग उतरतो, आणि तो निळा पडायच्या आत पाते पुन्हा पाण्यात घालायचे. हा क्षण आधी साधला तर धार काचेसारखी ठिसूळ होऊन तिचे टवके उडतात. उशीर झाला तर ती मऊ राहून पहिल्याच दिवशी वळते. मुठीचे लाकूड पावसाळ्यात फुगते आणि आश्विनातल्या उन्हात आटते, म्हणून मुठीच्या तोंडाशी बसवलेली साम, म्हणजे लोखंडी कडे, याच सुमारास पुन्हा ठोकून घट्ट करावी लागे. बैलगाडीच्या वंगणाचीही अशीच सोय होती: एरंडेलात काजळी कालवून केलेले वंगण नळ्यात भरून गाडीखाली टांगलेले असे.

आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला होणारी शस्त्रांची आणि अवजारांची पूजा या वेळापत्रकात नेमकी बसते. पूजेसाठी अवजार माळ्यावरून खाली काढावे लागते, धुवावे लागते, त्याचा गंज घासावा लागतो आणि त्याला तेलाचा हात द्यावा लागतो. मोडतोड दिसायची ती तेव्हाच दिसते. हळव्या भाताची कापणी तोंडावर आलेली असताना घरातले प्रत्येक अवजार एकदा हातातून जावे, एवढे काम हा दिवस चोख करतो. कोकणातून आणि देशावरून गिरण्यांत आलेल्या माणसांनी तो मुंबईतही पाळला. आजही लेथ, प्रेस आणि ड्रिल यंत्रांना नवरात्राच्या शेवटी झेंडूची तोरणे चढतात, आणि दसऱ्याला लोकलही सजवल्या जातात.

गावातल्या लोहाराच्या भात्यावरचे हे अवलंबित्व पहिल्यांदा सैल केले ते लोखंडी नांगराने, आणि त्या कथेचा एक धागा मुंबईतून जातो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकायला आले होते. रंगांधळेपणामुळे ती वाट सुटली, आणि पुढे ते तेव्हा भायखळ्याला असलेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. नोकरी सोडून बेळगावला गेल्यावर त्यांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. लोखंडाने जमिनीत विष भिनते या समजुतीमुळे नांगर सुरुवातीला खपेनात, हे बहुतेकांना ठाऊक असते. माझ्या मते याहून महत्त्वाचा बदल दुरुस्तीत झाला. लाकडी नांगराचा प्रत्येक भाग गावातला सुतार किंवा लोहार घडवू शकत होता, तर ओतीव लोखंडाचा फाळ भात्यावर तापवून ठोकता येत नाही. तो झिजला की कारखान्यातून तसाच दुसरा आणावा लागतो. सुटा भाग ही वस्तू आणि ती रोख पैसे देऊन घ्यायची सवय अशी शेतीत आली. मोटेच्या जागी आलेल्या डिझेल इंजिनांनी ती पक्की केली.

पुढचा टप्पा मुंबईच्या उपनगरातच घडला. इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्रा आणि व्होल्टास यांच्या भागीदारीतून १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया उभी राहिली आणि कांदिवलीच्या कारखान्यातून बी-२७५ हा ट्रॅक्टर बाहेर पडू लागला. १९७७ साली ही कंपनी महिंद्रा अँड महिंद्रात विलीन झाली. ट्रॅक्टरबरोबर देखभालीची वेगळी भाषा आली. पंचांगाऐवजी यंत्र चाललेले तास मोजायचे, ठराविक तासांनी तेल बदलायचे, एअर फिल्टर साफ करायचा, ग्रीस भरण्याच्या हातपंपाने, म्हणजे ग्रीसगनने, सांध्यावरच्या प्रत्येक निपलमधून जुने काळे ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे भरायचे. गावातला जाणता माणूस आता मेकॅनिक झाला, आणि त्याची मजुरी पीक हाती येण्याआधीच द्यावी लागू लागली. लहान शेतकऱ्याची डागडुजी लांबणीवर पडते ती बहुतेक वेळा आळसाने नव्हे. सप्टेंबरात त्याच्या हाती पैसा नसतो म्हणून.

इंजिनावर किंवा विजेवर चालणाऱ्या मळणी यंत्रांनी देखभालीला जिवाचा प्रश्न करून टाकले. पेंढी आत सारताना हात ओढला जाऊन तुटण्याचे प्रकार देशभर इतके वाढले, की संसदेला १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला आणि त्यात जखमी मजुराच्या भरपाईची तरतूद झाली. तरी पट्ट्यावरची जाळी काढून ठेवलेली यंत्रे आजही खळ्यावर दिसतात. ती जाळी कापणीआधी परत बसवणे हे तेलपाण्याइतकेच, किंबहुना त्याआधीचे काम आहे.

कोकणातल्या लहान खाचरांत मोठी यंत्रे शिरत नाहीत, त्यामुळे विळा टिकून आहे, मात्र त्याचे रूप पालटले आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी ‘वैभव’ विळा जमिनीलगत कापतो, त्यामुळे खोडकिडीच्या अळ्या धसकटात कमी उरतात. त्याचे दाते साध्या विळ्यासारखे दगडावर घासले तर बोथट होतात. जुन्या सवयीने नवे अवजार बिघडते ते असे.

मुंबईच्या हद्दीत गोराई आणि मनोरीच्या बाजूला अजून थोडे भात पिकते. तिथल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या ख्रिस्ती, समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा हा सुगीचा सण असतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांवर आशीर्वाद मागितला जातो. त्या लोंब्या कापायच्या, तर निदान एक विळा तरी त्याआधी धार लावून तयार ठेवावा लागतो.