ब्राच्या कडांची बांधणी

ब्रा शिवताना कापडाच्या उघड्या कडा इलॅस्टिक, पट्टी, अस्तर किंवा लेस लावून बंद करण्याची क्रिया. ब्लाऊजची कड बांधायची ती धागे सुटू नयेत आणि दिसायला नीटनेटके असावे, एवढ्यासाठी. ब्रामध्ये कडेला वजन पेलावे लागते, श्वासाबरोबर ताणावे लागते आणि परत जागेवर यावे लागते. म्हणून एकाच ब्रात दोन-तीन वेगवेगळ्या कडा असणे स्वाभाविक आहे. सगळीकडे एकच इलॅस्टिक लावले की घरी शिवलेली ब्रा हमखास कुठेतरी काचते, नाहीतर कुठेतरी सुटते.

मेरी फेल्प्स जेकब यांना १९१४ मध्ये अमेरिकेत ज्या ब्रेसियरचे पेटंट मिळाले, तिची सुरुवात दोन रेशमी रुमाल आणि रिबन यांतून झाली होती. ताण घेणारी कड तिच्यात नव्हती. १९५८ मध्ये ड्यूपाँट कंपनीतील जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्स धागा तयार केला. पुढे ‘लायक्रा’ हे त्याचे व्यापारी नाव घरोघरी गेले. आजच्या कडेच्या इलॅस्टिकचा ताण बहुधा याच धाग्याचा असतो.

निवड करताना आधी कडेचे काम पाहावे. छातीभोवतीच्या पट्ट्याची खालची कड सर्वांत जास्त भार घेते. तिला १२ ते १५ मिमी, मोठ्या मापांत त्याहून रुंद इलॅस्टिक लागते. काखेची कड खोल वळते. रुंद इलॅस्टिक त्या वळणावर बसत नाही, उभे राहते आणि दंडाला घासते. तिथे ८ ते १० मिमी पुरे. कपाची गळ्याकडची कड फारशी ताणायची नसते, फक्त अंगाला धरून राहायची असते. तिथे ६ मिमीचे इलॅस्टिकही चालते.

सर्वाधिक वापरात आहे ते एका कडेला बारीक कंगोरे आणि पाठीला मखमली मऊपणा असलेले इलॅस्टिक. ते दोन टप्प्यांत लागते. आधी कापडाच्या सुलट बाजूवर ठेवायचे: मखमली बाजू वर, सरळ कड कापडाच्या कापलेल्या कडेशी आणि कंगोरे कपड्याच्या आतल्या दिशेला. कंगोऱ्यांना लागून झिगझॅग टीप मारायची. मग इलॅस्टिक उलट बाजूला वळवायचे. आता मखमल अंगाकडे येते, कापलेली कड आत दडते आणि बाहेरून फक्त कंगोरे डोकावतात. दुसरी टीप तीन टाक्यांच्या झिगझॅगची. कपांच्या खाली इलॅस्टिक न ताणता लावतात. काखेच्या वळणावर किंचित आणि पाठीकडच्या भागावर थोडे अधिक ओढतात. नेमके किती, हे पॅटर्न (कापड बेतण्याचा कागदी नमुना) आणि इलॅस्टिकचा जोर यांवर ठरते. तारेची ब्रा असेल तर काखेची पहिली टीप मारताना तारेच्या नळीचे टोक बाजूला दुमडून धरावे. ते टिपेत सापडले की तार घालायला वाटच उरत नाही.

मधोमध दुमडणाऱ्या इलॅस्टिकमध्ये कापडाची कड सँडविचसारखी बसते आणि एका टिपेत काम होते. ते मऊ असते, रंगही भरपूर मिळतात. बिनतारेच्या ब्राला ते छान दिसते. पण त्याचा जोर कमी असल्याने भारी मापाच्या पट्ट्याखाली ते एकटे लावू नये. यात एक मेख आहे. पॅटर्नमध्ये कड वळवण्यासाठी ६ मिमी किंवा १० मिमी दाब, म्हणजे कडेला सोडलेले जास्तीचे कापड, धरलेला असतो. दुमडीच्या इलॅस्टिकला तो लागत नाही, तो कापून टाकावा लागतो. तसाच ठेवला तर काख तेवढी वर चढते आणि दोष मापाला दिला जातो. म्हणून कडेचा निर्णय कापड कापण्याआधी व्हावा.

कंगोरेदार लेसची कड विणतानाच पुरी झालेली असते, तिला वेगळी बांधणी नको. खणाची चोळी शिवताना विणलेला काठ बाहीच्या टोकाला आणतात, त्यातला हिशेब हाच. मात्र लेसचे कंगोरे सरळ रेषेत असतात, त्यामुळे कपाची वरची कड पॅटर्नमध्ये सरळ किंवा जवळजवळ सरळ असावी लागते. नुसती लेस कालांतराने सैल पडते. म्हणून आतून पारदर्शक इलॅस्टिक किंवा न ताणणाऱ्या जाळीची अरुंद पट्टी देतात. पारदर्शक इलॅस्टिक लावण्याआधी दोन-चार वेळा ओढून सोडावे, आणि त्यावर गरम इस्त्री फिरवू नये.

कपाला पूर्ण अस्तर असेल तर वरची कड सुलट-सुलट जोडून उलटवता येते. ही सर्वांत सपाट कड. पातळ टी-शर्टखाली तीच बरी.

घरात फक्त सरळ टीप मारणारे मशीन असेल तर ताणणाऱ्या कापडाच्या वाटेला न गेलेले उत्तम. सरळ टीप ताणासरशी तटतट तुटते. सुती कापडाची ब्रा मात्र त्या मशीनवर उत्तम होते: गळ्याला आणि काखेला उरेब पट्टी आणि ताणासाठी पाठीकडे कापडाच्या नळीत ओवलेले इलॅस्टिक. उरेब पट्टी कापडाच्या तिरक्या धाग्यावर, ४५ अंशांत कापलेली हवी. आडव्या-उभ्या धाग्याची पट्टी काखेच्या वळणावर चुण्या पाडते.

धागा पॉलिस्टरचा घ्यावा. सुती धाग्याला लवचीकपणा नसतो. सुई ताणणाऱ्या कापडासाठीची, ७५ नंबरची. साध्या सुईने टाके सुटतात आणि इलॅस्टिकमधले रबरी धागे तुटतात. ब्लीच आणि कडक उष्णता स्पँडेक्सला सोसत नाही. ब्राचे कापड धड असताना आधी कडच ढिली पडते, त्याचे एक कारण हे. अशा वेळी टिपा उसवून तेवढे इलॅस्टिक बदलता येते. दुमडीचे असेल तर उसवताना लेस फाटणार नाही, एवढे सांभाळावे.