स्वर्ग, नरक आणि मधला मुक्काम

दोन नोव्हेंबरच्या संध्याकाळी वसईतल्या एखाद्या कॅथलिक गावच्या दफनभूमीत पाऊल टाकलं की आधी नाकात शिरतो तो वितळलेल्या मेणाचा वास. गवत उपटलेलं असतं, कबरींचे दगड घासून धुतलेले असतात. वर झेंडू-शेवंती, कडेने मेणबत्त्या. वाऱ्याने विझलेली मेणबत्ती शेजारच्या कबरीवरच्या ज्योतीवर पुन्हा पेटवून घ्यायची, त्यात आपलं-परकं कुणी बघत नाही. फादर रांगांमधून पवित्र पाणी शिंपडत जातात आणि लोक मेलेल्यांसाठी देवाकडे शांती मागतात.

आता नगरकडे या. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनने पुढे तिथे मंडळ्या उभ्या केल्या. त्या परंपरेतलं मराठी कुटुंबही वडिलांच्या कबरीवर फुलं ठेवील, त्यांच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानील. पण 'यांना क्षमा कर' असं मागणार नाही. त्यांच्या लेखी मागण्याची वेळ श्वास थांबला तेव्हाच संपली. दोघंही ख्रिस्ती, दोघंही मराठी, मेलेले उठतील यावर दोघांचाही विश्वास. मतभेद आहे तो मधल्या काळाबद्दल. माणूस गेला तो दिवस आणि जगाचा शेवटचा दिवस, यांच्यामध्ये तो असतो कुठे? आणि मागे राहिलेल्यांना त्याच्यासाठी काही करता येतं का?

धर्मपंडितांनी उत्तर शोधलं आणि लोकांनी ते पाळलं, असं इथे झालेलं नाही. इतिहास पाहिला तर उलटच दिसतं. लोक आधी मेलेल्यांसाठी काहीबाही करू लागले, आणि ते नेमकं कशासाठी हे पंडितांनी पुढच्या हजारएक वर्षांत सावकाश ठरवलं.

मुळात हा प्रश्न यहुद्यांकडून आलेला. जुन्या कराराच्या बऱ्याच भागात मेलेला माणूस शिओलमध्ये जातो. मराठी बायबलात त्याला 'अधोलोक' म्हटलं आहे. तिथे चांगले-वाईट सगळेच. बक्षीस नाही, शिक्षाही नाही, नुसता अंधार आणि निःशब्दता. 'उपदेशक' तर सरळ म्हणतो की मेलेल्यांना काहीच कळत नाही. मेलेले उठतील हा विचार ठळकपणे येतो तो दानीएलच्या पुस्तकात. इ. स. पू. दुसऱ्या शतकात अंतियोखस राजाने यहुद्यांचा छळ मांडला होता, धर्मासाठी जीव देणाऱ्यांचा हिशेब या जगात लागत नव्हता, तो पुढे कुठेतरी लागायला हवा होता. येशूच्या काळीही यावर एकमत नव्हतं. यहुद्यांच्या दोन पंथांपैकी परूशी पुनरुत्थान मानत, मंदिराचा कारभार ज्यांच्या हाती होता ते सदूकी साफ नाकारत.

त्याच छळाच्या काळातली एक हकिकत मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. लढाईनंतर यहुद्यांचा सेनानी यहूदा मक्काबी आपल्या सैनिकांची प्रेतं उचलायला गेला, तर त्यांच्या अंगरख्यांखाली परक्या देवांचे ताईत सापडले. धर्मासाठी लढायला गेलेली पोरं, आणि गळ्यात धर्माने मना केलेली वस्तू! यहूदाने सैन्यात वर्गणी काढली आणि त्यांच्या पापासाठी अर्पण करावं म्हणून दोन हजार चांदीची नाणी यरुशलेमला पाठवली. मेलेल्यांसाठी जिवंतांनी प्रायश्चित्त करण्याचा हा उतारा पुढे फार गाजला. कॅथलिकांच्या ७३ पुस्तकांच्या बायबलात तो आहे, प्रॉटेस्टंटांच्या ६६ पुस्तकांत तो नाही. वसई आणि नगर यांच्यातलं बरंचसं अंतर या वजाबाकीत आहे.

पहिल्या ख्रिस्ती लोकांना मधल्या काळाची चिंता नव्हती, कारण मधला काळच फारसा नाही अशी त्यांची समजूत होती. येशू लवकरच परत येणार होता. पण दिवस गेले आणि मंडळीतली माणसं मरू लागली. इ. स. ५० च्या सुमारास थेस्सलनीका शहरातले विश्वासणारे याच विचाराने कासावीस झाले होते, की प्रभू येण्याआधी मेले त्यांचं काय? प्रेषित पौलाने पत्र लिहून धीर दिला: जे 'झोपी गेले' आहेत ते आधी उठतील. झोप हा त्याचा शब्द. लूकच्या शुभवर्तमानात मात्र वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला येशू सांगतो की तू आजच माझ्याबरोबर सुखलोकात असशील. आज की शेवटच्या दिवशी? दोन्ही वाक्यं पवित्र शास्त्रातलीच. पुढचा सगळा वाद या फटीत वाढला.

लोक वादासाठी थांबले नाहीत. इ. स. २०३ मध्ये आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात पर्पेतुआ नावाची तरुण आई श्रद्धेपायी तुरुंगात होती. तिने तिथे लिहिलेली टिपणं टिकून आहेत. तिचा धाकटा भाऊ दिनोक्रातेस सातव्या वर्षी चेहऱ्याच्या दुखण्याने गेला होता. तुरुंगात तिला तो स्वप्नात दिसला. अंधाऱ्या जागेतून बाहेर येतोय, मळलेला, तहानलेला, चेहऱ्यावर ती जखम तशीच. समोर पाण्याने भरलेलं कुंड आहे, पण काठ त्याच्या डोक्याहून उंच, हात पोचत नाही. ती त्याच्यासाठी रात्रंदिवस प्रार्थना करत राहिली. काही दिवसांनी पुन्हा स्वप्न पडलं. काठ आता त्याच्या बेंबीपर्यंत खाली आला होता, जखमेच्या जागी नुसता व्रण होता. तो पोटभर पाणी प्याला आणि पोरं खेळतात तसा खेळायला पळाला. या मजकुरात शुद्धिस्थान (स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होतो ती मधली जागा) हा शब्द नाही, कुठला सिद्धान्तही नाही. एका बहिणीला वाटलं की आपल्या मागण्याने त्याची तहान भागली. नंतरच्या शतकांत विद्वानांनी जे लिहिलं त्याचं बीज मला या कुंडाच्या काठात दिसतं.

पुढच्या दोनशे वर्षांत मेलेल्यांसाठी वेदीवर नाव घेणं ही रीत झाली. चर्चचा थोर धर्मपंडित ऑगस्टीन याची आई मोनिका आफ्रिकेतली. हुतात्म्यांच्या थडग्यांवर लापशी, भाकर आणि द्राक्षारस नेऊन ठेवायची तिची गावाकडची सवय. मिलानला आली तेव्हा बिशप अँब्रोजने हे बंद केल्याचं तिला दारावरच कळलं. आपल्याकडे पितरांचं पान ठेवणाऱ्यांना तिची त्या दिवशीची अडचण वेगळी समजावून सांगायला नको. तिने टोपली परत नेली. ३८७ साली ओस्तिया बंदरात ती मरणाला टेकली तेव्हा मुलांना तिचं सांगणं असं, की देह कुठेही पुरा, पण जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण काढा. लापशी गेली, आठवण राहिली.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने आपल्याच मठातली गोष्ट लिहून ठेवली. युस्तुस नावाचा वैद्यकी जाणणारा मठवासी मरायला टेकला, तेव्हा त्याच्या औषधांत लपवलेली सोन्याची तीन नाणी सापडली. मठात कुणाच्या मालकीचं काही नसायचं. ग्रेगरीने त्याला एकटं मरू दिलं आणि उकिरड्याच्या खड्ड्यात नाण्यांसकट पुरलं. नंतर मात्र त्याचाच जीव हलला. त्याने ओळीने तीस दिवस युस्तुससाठी मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, अर्पण करायला लावला, आणि तिसाव्या दिवशी युस्तुसने भावाला दर्शन देऊन सांगितलं की आता माझं बरं आहे. 'ग्रेगरीचे तीस मिस्सा' कॅथलिक कुटुंबं आजही मागतात, ते इथून आले. ही शिक्षा मला फार कठोर वाटते, पण गोष्टीचा सगळा जोर ग्रेगरीच्या पश्चात्तापात आहे.

दोन नोव्हेंबर ही तारीख फ्रान्समधल्या क्लूनी मठाची. इ. स. १००० च्या आगेमागे तिथला मठाधिपती ओदिलो याने ठरवलं की सर्व संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या सगळ्या मठांत सर्व मृतांसाठी प्रार्थना व्हावी. क्लूनीच्या हाताखाली अनेक मठ होते, त्यामुळे प्रथा पसरायला वेळ लागला नाही.

गंमत अशी की तोवर या मधल्या जागेला नावच नव्हतं. शुद्ध करणारी आग, शुद्ध करणाऱ्या यातना असं विशेषण वापरून लिहीत. 'पुर्गातोरियुम' हे नाम लॅटिन लिखाणात रुळलं ते बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात. नाव मिळाल्यावर जागेला भूगोल आला, मुदत आली आणि शेवटी दर आला. १२७४ च्या लियोंच्या धर्मपरिषदेने शिकवण अधिकृत केली: पश्चात्ताप करून मेलेल्यांची उरलेली शुद्धी मरणानंतर होते आणि जिवंतांच्या प्रार्थनेचा त्यांना उपयोग होतो.

तरीही गोंधळ संपला नव्हता. १३३१ साली पोप बाविसावे जॉन आव्हिन्यों इथे प्रवचनात बोलून गेले की संतांच्या आत्म्यांनासुद्धा शेवटच्या न्यायापूर्वी देवाचं समोरासमोर दर्शन होत नाही. केवढा गहजब झाला! संत अजून देवासमोर पोचलेच नसतील तर त्यांची मध्यस्थी मागायची कशी? पॅरिसच्या पंडितांनी पोपलाच चुकीचं ठरवलं. जॉननी १३३४ मध्ये मृत्युशय्येवर शब्द मागे घेतले, आणि दोन वर्षांत त्यांच्या वारसदाराने जाहीर केलं की शुद्ध आत्म्याला दर्शन लगेच होतं, शेवटच्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही. 'मेल्या-मेल्या थेट स्वर्गात' ही आज कुणालाही सहज वाटणारी कल्पना पक्की व्हायला १३३६ साल उजाडावं लागलं.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने हा भूगोल कधीच मानला नाही. ते मेलेल्यांसाठी मनापासून प्रार्थना करतात, मृतांच्या आठवणीला कोलिवा वाटतात (उकडलेले गहू, साखर, डाळिंबाचे दाणे, लांबून पाहिलं तर घुगऱ्याच), पण शुद्ध करणाऱ्या आगीचं नाव काढलं की हात वर करतात. १४३९ मध्ये फ्लॉरेन्सला दोन्ही चर्चना एक करायचा प्रयत्न झाला तेव्हा ठरावातून आगीचा उल्लेख गाळावा लागला. एकी तरी टिकली नाहीच.

दराचं प्रकरण जर्मनीत फुटलं. पापमुक्तिपत्रांचा (पापाची शिक्षा माफ करणाऱ्या चर्चच्या पत्रांचा) लाभ शुद्धिस्थानातल्या आत्म्यांनाही मिळू शकतो असं पोप चौथे सिक्स्टस यांनी १४७६ मध्ये मान्य केलं होतं. चाळीसएक वर्षांनी रोममधल्या संत पेत्राच्या चर्चच्या बांधकामासाठी ती पत्रं खपवली जात होती. पेटीत नाणं खणकलं की आत्मा सुटला, ही त्यावेळच्या प्रचारकांची हाळी प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरने १५१७ च्या आपल्या ९५ मुद्द्यांत नोंदवली आहे. लक्षात घ्यायचं ते असं, की त्या ९५ मुद्द्यांत लूथर शुद्धिस्थान मानतो. त्याचा राग आहे तो बाजारावर. शुद्धिस्थानच नाकारणारं लिखाण त्याने केलं १५३० मध्ये. इंग्लंडात तर १५४७ च्या कायद्याने मृतांसाठी मिस्सा म्हणायला दिलेल्या देणग्या आणि जमिनीच सरकारजमा झाल्या. इथे सिद्धान्तापेक्षा तिजोरीचा वाटा मोठा होता असं म्हणायला जागा आहे.

उत्तरादाखल कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने डिसेंबर १५६३ मध्ये शुद्धिस्थान आहे असं पुन्हा ठासून सांगितलं, पण ठराव आश्चर्य वाटावं इतका आखडता आहे. आग नाही, नकाशा नाही. उलट बिशपांना ताकीद आहे की साध्या लोकांपुढे बारीकसारीक तर्क, कुतूहलाच्या गोष्टी आणि पैशाचा वास येणारा प्रकार आणू नका.

हेच ट्रेंटनंतरचं ख्रिस्तीपण पोर्तुगीज गलबतांतून कोकण किनाऱ्यावर उतरलं. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचं दहा हजारांवर ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' मराठीत छापलं गेलं. त्यात स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द निःसंकोच येतो. गोव्याच्या कॅथलिक कोकणीत नरकाला आजही यमकोंड म्हणतात. म्हणजे वरचा आणि खालचा मुक्काम इथल्या भाषेत लगेच बसला. मधल्याचं नाव मात्र पोर्तुगीजच राहिलं: पुर्गातोर. वैकुंठाच्या वाटेवरचा तात्पुरता मुक्काम सांगायला हाताशी शब्द नव्हता असं दिसतं. कृती मात्र मातीतली होती. लग्नाआधी घरातल्या मृतांच्या नावाने गरिबांना जेवू घालायची गोव्यातल्या कॅथलिकांची जुनी रीत आहे, 'भिकाऱ्यांचं जेवण' म्हणतात तिला. मोनिकाची टोपली इथे दुसऱ्या दाराने परत आलेली दिसते.

अलीकडच्या काळात खुद्द रोमनेच भूगोल बराचसा गुंडाळला. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात शुद्धिस्थानाला तीन छोटे परिच्छेद आहेत आणि आधाराला पुन्हा तेच, यहूदा मक्काबी आणि पोप ग्रेगरी. १९९९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल म्हणाले की शुद्धिस्थान ही जागा नसून अवस्था आहे. २००७ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी लिहिलं की ती आग म्हणजे ख्रिस्ताची भेटच, असं काही धर्मशास्त्रज्ञांचं मत आहे. त्याच वर्षी रोमच्या धर्मशास्त्र आयोगाने बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांसाठी कल्पिलेल्या 'लिंबो'बद्दलही सांगून टाकलं की त्यावर अडून राहायचं कारण नाही, बाळांच्या तारणाची आशा धरावी. किती आयांनी ती भीती किती शतकं उराशी बाळगली असेल, त्याचा हिशेब कुठल्या ठरावात नाही.

देहाचा प्रश्न वेगळाच सुटला. शेवटच्या दिवशी देह उठणार म्हणून तो पुरायचा, जाळायचा नाही, हा चर्चचा दंडक १९६३ मध्ये सैल झाला आणि दहनाला परवानगी मिळाली. २०१६ मध्ये एक पुरवणी आली: राख घरात ठेवायची नाही, वाऱ्यावर किंवा पाण्यात सोडायची नाही, दफनभूमीसारख्या पवित्र जागीच ठेवायची. जागेची टंचाई असलेल्या मुंबईत याची सोय आधीपासूनच होती. तिथे कबर काही वर्षांनी उघडतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात जातात आणि कबर पुढच्याला मिळते. दोन नोव्हेंबरला त्या कोनाड्यांच्या भिंतीसमोरही गर्दी असते. वरच्या ओळीतल्या कोनाड्यापर्यंत हात पोचत नाही म्हणून लोक मेणबत्त्या खाली जमिनीवरच लावतात.